मोठ्यानं वाचा, डॉक्टर

पहिल्याच दिवशी मी त्यांच्याशी भांडले होते, हे आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. मी बोलायला फटकळ, राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि त्या दिवशी वॉर्डात दोन नर्स कमी. अशात खालून निरोप आला की तळघरातल्या नोंदणीच्या खोलीत या, साक्षीदार म्हणून बसायचंय. कसली साक्ष, तर हृदयाचे एक डॉक्टर एक फॉर्म मोठ्यानं वाचणार आणि मी तो ऐकणार. मी तरातरा खाली गेले आणि दारातूनच विचारलं, "डॉक्टरांना मनातल्या मनात वाचता येत नाही का?"

टेबलामागचा बारीक माणूस चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "येतं. म्हणूनच चुका होतात. बसा, सिस्टर."

हे आमचे वाचनकाका. हे नाव डॉक्टरांनी पाडलेलं, चेष्टेनं. त्यांच्या पगाराच्या कागदावर 'नोंदणी लिपिक' असं लिहिलेलं असायचं. खोली धुलाईखान्याला लागून, त्यामुळे एक भिंत सदा कोमट. थंडीत अर्धं हॉस्पिटल काही ना काही निमित्त काढून तिथे पाठ शेकायला यायचं. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक टेलिफोन, आणि टेबलासमोर हात असलेली लाकडी खुर्ची. त्या खुर्चीत बसून भल्याभल्यांना वाचावं लागायचं.

आता हे काम काय होतं तेही सांगते, कारण मलाही वर्षभर कळलं नव्हतं. नवं औषध माणसांवर तपासून बघायचं तर आधी त्याची नोंद करावी लागते. आपल्या घरच्या वहीत नाही, जगाच्या. कुठल्याही देशातल्या कुणालाही उघडून बघता येईल अशा नोंदवहीत. काय तपासणार, किती माणसांवर, काय मोजणार, कधी थांबणार, हे सगळं पहिल्या रुग्णाला पहिली गोळी द्यायच्या आत लिहून ठेवायचं. नंतर कुणी शहाणपणा करून म्हणायला नको की आम्हाला हेच तर बघायचं होतं. काका म्हणायचे, "उत्तरपत्रिका बघून प्रश्न बदलायचे नाहीत. एवढंच आहे हे सगळं. बाकी नुसते रकाने."

आणि रकाने भरून झाले की सगळा फॉर्म डॉक्टरांनी मोठ्यानं वाचायचा, साक्षीदारासमोर. मगच काका बटण दाबणार. हा नियम जगात कुठेही नाही, तो काकांनी स्वतःच काढलेला. "डोळा घसरून जातो, जीभ अडखळते," असं त्यांचं म्हणणं. त्या पहिल्या दिवशी मी कपाळाला आठ्या घालून बसले आणि माझ्यासमोरच हृदयाचे डॉक्टर वाचता वाचता थबकले. सहा आठवडे लिहायचं तिथे सहा महिने पडले होते. पुढे एकदा प्रोस्टेटच्या चाचणीचा फॉर्म आला. एक जाडजूड डॉक्टर ठसक्यात वाचत गेले, "सहभागी रुग्ण गरोदर नसावा," आणि गप्प झाले. दुसऱ्या कुठल्या फॉर्मवरून उचललेली ओळ तशीच राहिली होती. काका अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "नसेलच बहुतेक. पण काढून टाकू." मी पदर तोंडात कोंबून हसले. त्यानंतर साक्षीला बोलावलं की मी कुरकुरायची, पण जायची.

टेलिफोनचंही तसंच. प्रत्येक नोंदीत एक रकाना असतो: सामान्य लोकांना काही विचारायचं असेल तर कुणाला विचारावं. बाकी हॉस्पिटलं तिथे असा नंबर देतात की तो वाजून वाजून थकतो. काकांनी स्वतःच्या टेबलावरचा नंबर दिला होता, आणि ते दुसऱ्या घंटेला उचलायचे. बहुतेक फोन भलतेच. दातांचा दवाखाना किती वाजता उघडतो, आमच्या बाबांची काठी तिथे राहिली आहे का. काका उठून काठी शोधून यायचे. मी म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजताय." ते म्हणायचे, "नंबर आपण दिलाय ना? मग उचलायलाच हवा."

आता मोठ्या डॉक्टरांबद्दल. हे हाडांचे डॉक्टर. हाताला यश असलेला माणूस, हसायचे ते जिन्याखाली ऐकू यायचं. काकू, म्हणजे काकांची बायको, सात वर्षांपूर्वी न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडून बसल्या, तेव्हा यांनीच शस्त्रक्रिया केली. दोन डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता चाकाची खुर्ची. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना चालतं केलं. काकूंना चालताना पाहिलं की काकांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते मी लिहू शकत नाही. पण तेव्हापासून मोठे डॉक्टर म्हणजे काकांना देव.

या डॉक्टरांनी एक चाचणी काढली. म्हाताऱ्या माणसांचं खुब्याचं ऑपरेशन झालं की पुढचे चार-सहा दिवस पुष्कळांना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, सलाईन ओढून काढतात, मुलाला ओळखत नाहीत. त्यावर एक गोळी आहे का, असं बघायचं होतं. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी. वॉर्डात आम्ही तिला गोंधळाची गोळी म्हणायचो. नोंद अगदी रीतसर झाली. मोठे डॉक्टर खुर्चीत बसून नाटकातल्यासारखे हातवारे करत वाचून गेले, शेवटी आम्ही टाळ्या वाजवल्या.

रुग्णांची संमती घ्यायचं काम माझं. त्यात आल्या शिलाईच्या आजी. वय अठ्ठ्याहत्तर, पन्नास वर्षं लोकांच्या पँटी आखूड-लांब करण्यात गेलेली, खाटेवर पडूनही माझ्या गणवेशाची शिवण तपासणाऱ्या. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "मला खरी मिळणार की खोटी?"

"ते मलाही माहीत नाही, आजी. डॉक्टरांनाही नाही. तसाच नियम आहे."

"म्हणजे सगळेच डोळे मिटून? छान. माझा मालकही असाच दुकान चालवायचा." मग सही करता करता थांबल्या. "माझ्यावर करून बघा हवं तर. पण काय निघालं ते लोकांना सांगायचं. कापड एखाद्या वेळी चुकीचं कापलं जातं, त्याला इलाज नाही. पण मी पुढच्या बाईला सांगायची, असं कापू नको गं, बिघडतं. म्हणजे तिचं तरी कापड वाचतं."

"सांगू की, आजी," मी म्हटलं. सहज म्हटलं, वॉर्डात आपण दिवसाला शंभर वेळा काहीबाही म्हणतो तसं.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर फेरीला आले तेव्हा आजींनी त्यांच्या कोटाचं लोंबतं बटण पकडलं. "अशानं ऑपरेशन करता होय? काढा तो कोट." पांढरा दोरा नव्हता. त्यांच्या पिशवीत निळा होता. निळ्या दोऱ्यानं बटण लावून दिलं आणि गाठ दातानं तोडली. भ्रमबिम काही झाला नव्हता त्यांना. चौथ्या दिवशी सकाळी नाश्ता करून उठल्या, खिडकीपर्यंत जाते म्हणाल्या, आणि दोन पावलांवर पाय लटपटले. मी चार हातांवर होते. चार हात म्हणजे किती, पण पोचले नाही. दुसरा खुबा मोडला. त्यानंतर त्या नीट उठल्याच नाहीत, आणि दोन महिन्यांनी गेल्या.

वॉर्डात आणखी लोक पडत होते. ते खरी गोळी घेणारे की खोटी, हे आम्हाला कळत नव्हतं, पण चाचण्यांवर नजर ठेवणारी बाहेरच्या लोकांची एक समिती असते, तिनं कुणाला कुठली गोळी ते लिहिलेली बंद पाकिटं उघडली. एकशे अठरा रुग्ण झाले होते. खऱ्या गोळीचे अठ्ठावन्न, त्यात एकोणीस पडले. खोट्या गोळीचे साठ, त्यात सहा. भ्रमात दोन्हीकडे काही फरक नाही. समितीनं त्याच दिवशी चाचणी बंद करायला लावली. आजींच्या पाकिटात खरी गोळी निघाली.

चाचणी अर्ध्यात बंद झाली की नोंदवहीत कारण लिहावं लागतं. मोठे डॉक्टर खाली आले तेव्हा मी काकांच्या खोलीतच होते. ते आत आले नाहीत, दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. त्या दिवशी त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. म्हणाले, "काका, सध्या 'प्रशासकीय कारणास्तव बंद' एवढंच टाका. मी लेख लिहितोय, त्यात सगळं सविस्तर येईल."

काकांनी खुर्चीकडे हात केला. "बसा, वाचून टाकू."

"आज नको, काका. आज खरंच नको." आणि मग, नेहमी विचारायचे तसंच, "काकू बऱ्या आहेत ना? चालतात ना नीट?"

त्यांनी ते मुद्दाम विचारलं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण काकांचा हात खाली आला. ते म्हणाले, "चालतात. तुमच्या कृपेनं." आणि डॉक्टर गेल्यावर त्यांनी ती ओळ लिहून बटण दाबलं. वाचन नाही, काही नाही. एरवी जगाला चार शब्द सुनावणारी मी, मीही मूग गिळून बसले. मला वाटलं, लेख येतोच आहे.

लेख काही आला नाही. दोन मासिकांकडून परत आला. फसलेल्या औषधाची गोष्ट कुणाला छापायची असते? मग तो डॉक्टरांच्या खणात गेला. दर महिन्याला नोंदवहीकडून काकांना आठवण यायची, निकाल बाकी आहे. आमच्या नोंदीसमोर लाल खूण लागली. काका ती आठवण डॉक्टरांकडे पाठवायचे, डॉक्टर म्हणायचे, बघतो. असे चौदा महिने गेले, आणि काकांच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले.

त्या दुपारी मी साक्षीसाठी खाली गेले होते. फोन वाजला, दुसऱ्या घंटेला काकांनी उचलला. पलीकडे एक बाई, दूर कुठल्या देशातल्या हॉस्पिटलमध्ये औषधं भरून देणारी. तिची भाषा वेगळी, आमची वेगळी, दोघं तिसऱ्याच भाषेत अडखळत बोलत होती, म्हणून काकांनी आवाज मोठा करून ठेवला. ती म्हणाली, आमच्याकडे याच गोळीची चाचणी सुरू होतेय, चारशे म्हाताऱ्या रुग्णांवर. डब्या भरायला घेतल्या आहेत, पहिला रुग्ण अकरा दिवसांनी. तुमची नोंद दिसली म्हणून विचारते. प्रशासकीय कारण म्हणजे काय हो? माणसं कमी पडली का तुम्हाला?

काकांनी ती ओळ कॉम्प्युटरवर उघडली. मी खुणा करतेय, सांगा ना, सांगा तिला. काका एवढंच म्हणाले, "मला दोन दिवस द्या. आणि डब्या भरायची घाई करू नका."

"असं का म्हणताय?"

"मी काही म्हणत नाही. दोन दिवस द्या."

फोन ठेवल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडले. चारशे माणसं, काका. तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती? एक वाक्य बोलायला काय जात होतं? त्यांनी मला सगळं बोलू दिलं. मग म्हणाले, "फोनवरचं बोलणं हवेत जातं, सिस्टर. उद्या ती आपल्या डॉक्टरांना सांगेल, एक लिपिक असं म्हणाला. ते विचारतील, कुठे लिहिलंय? लिहिलंय तर उलटंच." मग चष्मा काढून पुसत बसले. "आणि ती ओळ मी लिहिली आहे. या हातानं. एवढ्या वर्षांत एकच नोंद न वाचता केली."

सगळे आकडे त्यांच्याकडे होते, पण चाचणी ज्या डॉक्टरांची त्यांच्या सहीशिवाय निकाल नोंदवहीत जात नाही. काकांनी निकालाचा फॉर्म त्याच संध्याकाळी भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं वर गेलो. काकांना मी त्या मजल्यावर पहिल्यांदाच पाहत होते. एरवी सगळे त्यांच्याकडे खाली यायचे.

मोठ्या डॉक्टरांनी फोनची हकीकत ऐकली आणि कपाळ चोळत म्हणाले, "काका, निकाल तिथे टाकला की मासिकवाले लेखाला हात लावत नाहीत."

"लावतात. मी तीन मासिकांना विचारलं होतं. ही त्यांची उत्तरं." काकांनी तीन कागद टेबलावर ठेवले.

डॉक्टरांनी ते पाहिलेही नाहीत. खिडकीकडे बघत राहिले. "खरं सांगू? लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे. हाडं जोडणाऱ्यानं म्हाताऱ्यांना पाडलं. चार वर्षं घातली मी यात. झाकली मूठ सव्वा लाखाची, काका. तुम्ही तीन आठवड्यांनी घरी जाल. मला इथेच राहायचंय."

मला त्या माणसाचा राग आला आणि त्याच क्षणी कीवही आली. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

काका हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही माझ्या बायकोला चालतं केलंत. तो उपकार माझ्यावर होता, डॉक्टर, माझ्या एकट्यावर. त्याची फेड मी दुसऱ्यांच्या हाडांनी करायला निघालो. चुकलं माझं." आणि फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. "मोठ्यानं वाचा."

"काका, प्लीज."

"मोठ्यानं वाचा, डॉक्टर."

डॉक्टर हलेनात. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या कोटाचं ते बटण कुणी लावलंय?"

त्यांनी खाली पाहिलं. कोट रोज धुऊन येत होता, तरी निळा दोरा तसाच होता. मी म्हटलं, "त्यांनी मला सांगितलं होतं, काय निघालं ते लोकांना सांगा. मी हो म्हटलं होतं. सोळा महिने मी त्या खाटेजवळून जाताना मान खाली घालते. मला आता नाही जमत." मला रडायचं नव्हतं, पण रडले.

डॉक्टरांनी त्या बटणावर बोट ठेवलं. मग त्यांनी कागद ओढला आणि वाचायला लागले. आवाज लहान मुलाचा असतो तसा. चाचणीचं नाव, तारखा, रुग्णांची संख्या. भ्रमाचं प्रमाण, फरक नाही. मग पुढच्या रकान्यावर थांबले. "पडलेले रुग्ण," एवढंच वाचलं.

"आकडा वाचा," काका म्हणाले.

"एकोणीस."

"कितीपैकी?"

"अठ्ठावन्नपैकी."

शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली. नोंदवहीत जुनी ओळ पुसली जात नाही. नवी लिहिली तरी जुनी तारखेसकट खाली दिसत राहते, जगाच्या अंतापर्यंत. म्हणून बदलाची टीपही लिहावी लागते. काकांनी ती तयार करून आणली होती: आधीचे कारण नोंदणी लिपिकाने चुकीचे लिहिले होते. डॉक्टरांनी ती वाचली, पेन उघडलं, आणि 'नोंदणी लिपिकाने' याच्या आधी 'माझ्या सांगण्यावरून' असं आपल्या अक्षरात घातलं.

ओळ दुसऱ्या दिवशी सकाळी जगाला दिसू लागली. काकांनी त्या बाईला फोन लावला. "आता नोंद उघडा. मोठ्यानं वाचा." ती वाचत गेली. तिसऱ्या भाषेतला तो एकोणीसचा आकडा आला तेव्हा तिचाही वेग कमी झाला. शेवटी म्हणाली, "मी दाखवते आमच्या डॉक्टरांना. पण मी औषधं भरणारी. माझं कोण ऐकणार, माहीत नाही."

"माझंही कोण ऐकत नव्हतं," काका म्हणाले. "पण तुमच्याकडे आता कागद आहे."

त्यानंतर काहीच नाही. अकरावा दिवस आला आणि गेला. त्यांच्या नोंदीत 'लवकरच सुरू' असंच दिसत होतं, आणि नोंद बदलायला लोक किती आळस करतात हे आम्हाला चांगलं ठाऊक. कदाचित चाचणी सुरूही झाली असेल. काका रोज उघडून बघायचे, मला विचारू नका म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी केक कापला, भाषणं झाली. मोठ्या डॉक्टरांना बोलायला सांगितलं तर ते उठले, त्या लाकडी खुर्चीत जाऊन बसले, आणि निरोपाचं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले, काकाही हसले. पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "फोन तेवढा उचलत जा, सिस्टर." त्यांच्या जागी माणूस यायला वेळ होता, म्हणून तो फोन माझ्या वॉर्डात वळवला होता.

सतरा दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. मी डबा उघडा ठेवून दुसऱ्या घंटेला उचलला. तीच बाई. काका आहेत का, म्हणाली. मी सांगितलं, ते घरी गेले, कायमचे. "मग त्यांना सांगा, नोंद उघडा." एवढंच म्हणाली. मी नोंद उघडली, छापून घेतली, आणि ड्यूटी संपल्यावर गणवेशातच त्यांच्या घरी गेले.

दार काकूंनी उघडलं. स्वतः चालत येऊन. "अगं, तू? ये ये. बघ बाई, यांना काहीतरी काम दे. दोन आठवड्यांत घरातल्या सगळ्या बरण्यांवर तारखा टाकून झाल्यात. काल माझ्या गुडघ्याच्या तेलावरसुद्धा टाकली."

काका आतून आले. माझ्या हातातला कागद पाहिला आणि हात पुढे केला नाही. भिंतीजवळची खुर्ची ओढली, माझ्यासमोर ठेवली, आणि स्वतः काकूंच्या शेजारी बसले.

"मोठ्यानं वाचा," म्हणाले.

एवढी वर्षं मी साक्षीला बसले, पण त्या खुर्चीत वाचायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली. मी वाचलं. चाचणीचं नाव. सद्यस्थिती, मागे घेतली. कारण, याच औषधाच्या आधीच्या चाचणीत रुग्ण पडण्याचं प्रमाण जास्त आढळलं. पाहा नोंद क्रमांक, आणि पुढे आमचा क्रमांक, बारा आकडी, एकेक आकडा मी म्हटला. काकांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. त्यांना तो पाठ होता.

"प्रत्यक्ष गोळी दिलेले रुग्ण," मी वाचलं, आणि वर पाहिलं.

"आकडा वाचा, सिस्टर."

"शून्य."

"कितीपैकी?"

"चारशेपैकी."

काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या एकदा माझ्याकडे, एकदा काकांकडे बघत होत्या. काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि त्यांचा हात धरला. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, शिलाईच्या आजींच्या संमतीपत्राची एक प्रत सतरा महिने तिथेच होती, तिच्याबरोबर.